धुतल्या तिळाची ढेप

चांदूर रेल्वे
८ सप्टेंबर १९३७

मैनामावशी,

पाया पडतो. मावसाजींनाही माझा नमस्कार सांग.

नोकरी लागली, एवढंच मागच्या कार्डात लिहिलं होतं. कार्डावर जागा तरी किती असते! आता नीट लिहितो. स्टेशनापासून कोसभरावर पेरेरा साहेबांची वाडी आहे. साहेब गोव्याकडचे. आगगाडीवर गार्ड होते, पेन्शनीत निघाले अन् इथंच राहिले. संत्र्याची बाग आहे, बारमाही विहीर आहे, थोडी जवारी आहे, अन् जनावरं आहेत. जनावरांचं सगळं माझ्याकडे. राहायला खोली दिली आहे. रांधतो मीच. भाकर अजून तुझ्यासारखी गोल येत नाही, पण पोटात गेल्यावर कोण पाहते?

तुझ्याकडे एक काम आहे. इथल्या लहान जनावरांचं आईचं दूध तुटलं की ती वाळायला लागतात. नुसत्या जवारीच्या पिठावर अंग धरत नाहीत. साहेब म्हणतात, "तू शेतकी शिकलेला माणूस, काहीतरी कर." माझ्या पुस्तकात "पौष्टिक पेंड द्यावी" एवढंच छापलं आहे. पेंड म्हणजे आपली ढेप. पण कोणती, अन् कशी करून द्यायची, ते लिहिणारा विसरला असावा. तुझा जन्म तेलगिरणीच्या घरात गेला. लहान, अशक्त जनावराला तू काय दिलं असतं ते कळव. उशीर नको.

तुझा
सहदेव


जठारपेठ, अकोला
महालक्ष्म्या उठल्या तो दिवस

सहदेवा,

जित्ता राह्य, सुखी राह्य. तुझं पत्र आलं तवा माझे दोन्ही हात पुरणात होते. मावसाजीनं ओसरीवर बसून वाचून दाखवलं अन् सगळ्या बायांनी ऐकलं. भाकर गोल येत नाई म्हणते पोट्टा, असं म्हणून लय हसल्या. मी म्हटलं, लग्न करा म्हणा त्याले, मंग येतेच गोल. हसू नको, खरंच सांगून राहिली. तुझी माय गेली तवा तू माझ्या कडेवर बसत होता. आता नोकरीवाला झाला. तिनं पाहाले पाह्यजे होतं.

आता ढेपीचं. याले काय पुस्तक लागते बाप्पा! सरकीची ढेप दे. रात्री भिजू घालाची, सकाळी हातानं कुस्कराची, गुळाचा खडा अन् चिमटभर मीठ टाकाचं. पहिले मूठभर, मंग ओंजळभर. आपली ढवळी आठवते का? पोटाले पाठ लागली होती तिची. दिवाळीपर्यंत अशी झाली का दावं तोडून पळे. आपल्या गिरणीची ढेप खाऊन कोणाचं जनावर उभं राह्यलं नाई असं अकोल्यात कोणी म्हणून दाखवावं.

मावसाजी उद्याच्या गाडीनं दोन पोते पाठवून राहिले. पण तू एवढं मोठं पत्र लिवलं अन् गाई किती, म्हशी किती, कालवडी किती, काईच लिवलं नाई. नावं काय ठेवली ते सांग. मले जनावराचं नाव माहीत नसलं तं त्याच्यावर जीव लागत नाई.

मावशी


चांदूर रेल्वे
३ ऑक्टोबर १९३७

मावशी,

पोती पोचली. तू सांगितलं तसंच करतो आहे. रात्री भिजवतो, सकाळी कुस्करतो, गूळ घालतो. अन् काय सांगू, लहानग्यांनी तर पाटीत उडीच घेतली! एकमेकांच्या अंगावर चढून खातात. अंगं गोल दिसायला लागली. सुभद्राबाई म्हणून एक बाई माझ्या हाताखाली आहे, ती म्हणते, ढेप पाठवणाऱ्या बाईचे हात धुवून पाणी प्यावं. साहेबांनीही विचारलं, ढेप कुठली? मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या मावशीची.

नावं अजून ठेवली नाहीत. खूप आहेत, अन् सगळी सारखीच दिसतात. पुढं सवडीनं लिहीन. इथं पाऊस बरा आहे. आणखी दोन पोती पाठवता आली तर पाहा.

सहदेव


जठारपेठ, अकोला
भाऊबीजेचा दुसरा दिवस

सहदेवा,

दिवाळीले आला नाई. पत्र नाई, कार्ड नाई. मी चकल्या कोणासाठी तळल्या? मावसाजी गाडीच्या वक्ताले दोन खेपा स्टेशनावर जाऊन आले. मले म्हणाले, "बाजारात काम होतं." दिवाळीच्या दिवशी कोणता बाजार उघडा असते रे?

जनावरं काय एकटा तूच पाळतं जगात? का तब्येत बरी नाई? का साहेबानं काढलं? काई असलं तं खरं लिव. चांगलंच लिवाचं असं कोणी सांगतलं तुले? मले झोप नाई लागून राहिली.

मावशी


चांदूर रेल्वे
१२ नोव्हेंबर १९३७

मावशी,

हे पत्र तू एकटीच वाच. ओसरीवर वाचून घेऊ नको.

मी तुला गाई-म्हशी कधीच लिहिल्या नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्या इथं नाहीत. एक बैलजोडी आहे, बस. मी डुकरं पाळतो. विलायती पांढरी डुकरं. स्टेशनांवर साहेबलोकांच्या खानावळी असतात, तिथं त्यांचं मांस जातं. साहेबांचा तोच धंदा आहे. नोकरी घेतली तेव्हा वाटलं, दोन महिने करू, मग दुसरी पाहू, अन् तुला कळायचं काही कारण नाही. "लहान जनावरं" असं लिहिलं, म्हणजे खोटं तर होत नाही. तू ते वासरं म्हणून वाचलं. वाचशील हे मला ठाऊक होतं.

आता ती मेली, मावशी. सगळी चांगली वाढत होती. दसऱ्यानंतर एकाला धाप लागली. कुशी भात्यासारख्या हलायच्या. उभ्याउभ्या पडलं अन् गेलं. मग दुसरं. दिवाळीच्या दिवसांत तर रोज सकाळी सुभद्राबाई तोंडावर पदर घेऊनच खोलीकडे यायची, ती काही बोलायच्या आधीच मला समजायचं. आठातली दोन उरली आहेत. शेवटी ढेप बंद केली, तेव्हा ती दोन जरा सावरली. तीच ढेप बैल खातात, त्यांची कातडी चमकते आहे!

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. म्हणाले, दुसरी मादी नुकतीच व्याली आहे. हे वेत जगलं तर ठीक, नाही तर मी सगळी डुकरं विकून टाकतो अन् तू घरी जा.

घरी म्हणजे तुझ्याकडे. दुसरं घर मला नाही. म्हणून आधी सांगतो आहे.

सहदेव


जठारपेठ, अकोला
तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी

सहदेव,

महालक्ष्म्यांच्या दिवशी भर ओसरीवर तुझं पत्र वाचलं आमी. डुकराच्या पिल्लाले काय खाऊ घालाचं ते मी पुरणाच्या हातानं सांगतलं. तुले हसू आलं असंल.

मले राग डुकराचा हाये का खोट्याचा हाये, असं इचारशील. दोन्हीचा हाये. मी काई देवमाणूस नाई. गल्लीत कुत्रं शिवलं तं अंगणात पाणी शिंपडणारी बाई मी. तुले माहीत होतं म्हणून तं तू लपवलं. पण लपवून काय केलं? मले खरं सांगतलं असतं, तं मी शिव्या देल्या असत्या, मंग मावसाजीले इचारलं असतं, त्यायनं बाजारात कोणाले तरी इचारलं असतं. तुले शिव्या खायाची लाज वाटली अन् मुकी जनावरं मेली.

माझ्या ढेपीनं जनावर मेलं असं आजवर कोणी म्हटलं नाई. आता तू म्हटलं. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरून राह्यलं.

माझ्या चुलीजवळ येऊ नको आता. मन थाऱ्यावर आलं तं पाहू.

मैनाबाई


चांदूर रेल्वे
२४ नोव्हेंबर १९३७

मावशी,

तू नावानं सही केली. तेवढं वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. पुन्हा उघडायला दोन दिवस लागले.

उत्तर मागत नाही. पण तुझ्या ढेपीवर आळ राहू नये म्हणून लिहितो. परवा अमरावतीला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मेलेल्या पिलाचं सगळं वर्णन ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "सरकी दिली का?" सरकीत एक पिवळं विष असतं म्हणे. गाय-बैल रवंथ करतात, त्यांच्या पोटात ते मरून जातं. डुकराचं पोट माणसासारखं एकेरी, त्याला ते पचत नाही. थोडं थोडं साठत जातं अन् मग एकदम काळजावर येतं. म्हणजे तुझी ढेप खरीच होती, ढवळीसाठी. ज्याच्यासाठी मागितली त्याचं नाव मी सांगितलं नाही, म्हणून ती विष झाली. चूक माझी आहे. सुभद्राबाईलाही तसं सांगितलं, साहेबांनाही सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, सरकी खूप शिजवून त्यात जरासा हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, घातला तर विष कमी होतं, पण दूध तुटणाऱ्या पिलांवर असला खेळ नको. तिळाची ढेप चांगली. मात्र टरफलासकट नको, टरफल कडू असतं अन् पोट बिघडवतं. अन् बुरसटलेली तर अजिबात नको. टरफल काढलेल्या तिळाची ढेप! इथं कोण करणार अन् कोण देणार? बाजारात जी मिळाली ती काळीकुट्ट. पिलांनी हुंगली अन् तोंड फिरवलं.

नव्या वेताची पिल्लं आता पांढऱ्या कापसाच्या बोंडासारखी दिसतात. कानातून ऊन आरपार दिसतं. मोठी झाली की कापली जातील, हे मला माहीत आहे. पण तोवर ती माझ्या जिवावर आहेत, अन् धाप लागून मरू नयेत एवढंच मला वाटतं.

सहदेव


जठारपेठ, अकोला
चंपाषष्ठी

सहदेवा,

उत्तर मागत नाई म्हणतं अन् चार पानं लिवतं. फोकनाड्या कुठला!

तुझं पत्र वाचून मले पहिले बरं वाटलं, का ढेप खोटी नव्हती. मंग लाज वाटली का मले आधी ढेपीचंच बरं वाटलं. असो. बकरं आमीबी वाढवतो अन् आमीबी खातो, त्याचं काई बोलत नाई मी.

धुतले तीळ कोणाले येत नाई? संक्रांतीचे लाडू काय टरफलासकट करतो का आमी? पांढरे तीळ घेतले, पाण्यात भिजू घातले, गोणपाटावर चोळले, टरफलं वर आली ती पाण्यासंग काढून टाकली. पहिल्या खेपेले मी लय वेळ भिजवले, तं आंबले. फेकून देल्ले. दुसऱ्या खेपेले उन्हात नीट वाळले नाई, घाणीत चिकटून बसले, बैल थांबला अन् माह्याकडे पाहू लागला. तिसऱ्या खेपेले वाळवून जराशे कढईत गरम केले अन् घाणीत घातले. तेल जास्त राह्यलं तं पोट सुटते म्हणून ढेप दोनदा फिरवली. पांढरी निघाली बाप्पा! खमंग! मी चिमटभर तोंडात टाकली. डुकराच्या आधी मी खाल्ली, आता काय म्हणशील?

कुटून, चाळून पाठवून राहिली. शेंगदाण्याची ढेप थोडी मिसळली हाये, दाणे फोलपट काढून घेतले. ताकात कालव. बोटावर चाटव पहिले. हावरेपणा करू देऊ नको. पोतं उघडं ठेवू नको, ओल लागली का गेलं.

एक भानगड झाली. मावसाजी घाणीपाशी येऊन उभे राह्यले. एवढे पांढरे तीळ धुवून कोणासाठी म्हणून इचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं का साहेबाची म्हातारी माय हाये, तिले दात नाई, ती चटणी खाते. पोतंभर चटणी! त्यायनं मूठभर तीळ हातात घेऊन पाह्यले अन् परत टाकले. गेले. मी तुले खोट्यासाठी झापलं अन् मीच खोटं बोलली. आता काय करू ते तूच सांग.

मावशी


चांदूर रेल्वे
२० जानेवारी १९३८

मावशी,

तिळगूळ पोचला, अन् त्याखालची पिशवीही पोचली. साहेबांच्या म्हातारीची चटणी म्हणून लेबल लावलं होतंस, ते सुभद्राबाईला वाचून दाखवलं. हसून हसून तिला ठसका लागला. साहेबांची आई वारून वीस वर्षं झाली, त्यांनाही लेबलाचं सांगितलं. म्हणाले, आईला तीळ आवडायचे.

मावसाजींना काय सांगायचं, ते मी तुला सांगू? मला सांगण्याचा हक्क उरला नाही. पण खरं सांगायला तू माझ्यासारखी वेळ निघून जाईपर्यंत थांबू नये, असं वाटतं.

आता पिलांचं. ढेप बोटावर चाटवली, तर एकानं बोटच धरून ठेवलं. मग रोज थोडी वाढवली. मध्ये माझा हात जरा सैल सुटला अन् दोघांचं पोट सुटलं. मी घाबरून सगळी बंद केली. मग तुझं "हावरेपणा करू देऊ नको" आठवलं, अन् पुन्हा चिमटीवर आलो. या महिन्यात दूध तुटलं. पहिली पिल्लं ज्या वयाला गेली ते वय अजून यायचं आहे. रोज सकाळी उठलो की आधी त्यांच्या कुशी पाहतो. संथ हलतात. मग तोंड धुतो.

सहदेव


चांदूर रेल्वे
९ मार्च १९३८

मावशी,

ते वय गेलं! सगळीच्या सगळी जिवंत आहेत. धाप नाही, काही नाही. मी कुंपणात शिरलो की पायात येतात, परवा मला पाडलं. काल साहेब कुंपणाशी किती तरी वेळ उभे होते. मग म्हणाले, "आता विकायचं नाव काढत नाही. आणखी दोन माद्या आणू. तू राहा." मी "बरं" म्हणालो अन् विहिरीवर जाऊन रडलो. सुभद्राबाईनं पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

ढेप अशीच लागेल, दर महिन्याला. आता ती सरळ डुकरांच्या पिलांसाठी म्हणून मागतो आहे. पाठवायची की नाही, ते तुझ्यावर.

अन् दुसरं विचारायचं आहे, ते चार वेळा लिहून खोडलं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखजीला, तू पितरांचं ताट वाढशील, त्यात माझ्या आईचंही असतं. मी यावं का? तू नको म्हणालीस तरी राग येणार नाही. म्हणजे येईल, पण तुझ्यावर नाही. मी डुकरं सोडणार नाही, मावशी. हे आता आधीच सांगतो. ती मला आवडतात.

सहदेव


जठारपेठ, अकोला
१४ मार्च १९३८

चि. सहदेव,

पत्र लिहिण्याची माझी सवय नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

ज्या दिवशी तुझ्या मावशीनं मला तीळ साहेबांच्या म्हातारीच्या चटणीसाठी आहेत असं सांगितलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी तिळाच्या सौद्याला चांदूरला आलो होतो. स्टेशनावर हमालाला पेरेरा साहेबांची वाडी विचारली. तो म्हणाला, डुकरवाले साहेब ना? मी कुंपणापर्यंत आलो. तू पिलांच्या मधोमध उकिडवा बसला होतास अन् एकेकाला बोटावर काही चाटवत होतास. हाक मारली नाही. मारली असती तर तू लाजेनं मेला असतास. घरी येऊन तिलाही काही बोललो नाही, कारण ती इतक्या मनापासून तीळ धूत होती. मी फक्त बाजारातून जरा चांगले तीळ आणायला लागलो. तिला वाटलं, यंदा माल चांगला आहे.

तुझं परवाचं पत्र आलं. तिनं ते मला स्वतः वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ओसरीवर. शेजारची मनकर्णाबाई बसली होती, तिच्यादेखत. डुकरांचं आलं तिथं आवाज जरा बारीक झाला, पण वाचलं. मनकर्णाबाई उठून गेली. ही म्हणाली, जाऊ द्या. मग मी चांदूरचं सगळं सांगितलं. त्यावर तिनं माझ्याशी दिवसभर अबोला धरला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

ढेप दर महिन्याला येईल. गिरणीत ठरलं आहे.

ती येत्या शनिवारच्या पॅसेंजरनं चांदूरला येत आहे. अखजीपर्यंत तिला दम निघत नाही. मला सांगितलं आहे की साहेबांची संत्र्याची बाग पाहायला जाते. तुलाही तेच सांगेल. तू बाग दाखवत बसू नको. स्टेशनावरून सरळ पिलांकडे ने, अन् एक पिल्लू तिच्या हातात दे. घेणार नाही म्हणेल. तरी दे.

सूर्यभान